कवळी रात्री वाटीत, तोंडात नाही

आम्ही वृद्धाश्रमांत आणि केअर होममध्ये जाऊन खाटेपाशीच दात तपासतो, साफ करतो, कवळ्या दुरुस्त करतो. आमच्या भेटीआधी हे पत्रक घरच्यांनीही वाचावं आणि तिथल्या मावशी-दादांनीही.

पहिल्या भेटीत आमचा प्रश्न ठरलेला: कवळी शेवटची कधी काढली होती? तक्त्यात ‘दात घासले’वर रोज बरोबरची खूण असते, पण घासलेले असतात कवळीचे पुढचे चार दात. एक आजी जेवत नाहीत, तोंडाला चव नाही म्हणतात, अशी तक्रार होती. कवळी काढली तर खाली टाळूवर लालभडक चट्टा. बुरशी! दिवसरात्र कवळी तोंडात राहिली की हे होण्याचा धोका वाढतो.

तर, रात्री कवळी काढून झाकणाच्या वाटीत, साध्या पाण्यात. गरम पाणी नको, ती वाकते. टूथपेस्टही नको, चरे पडतात. मऊ ब्रश आणि हात धुवायचा साबण पुरतो. धुताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरा, हातातून निसटली तरी फुटणार नाही. आणि कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटात ठेवलेली कवळी हमखास खरकट्याबरोबर जाते. कवळीवर नाव घालून देतो, आठवणीने मागा.

एकही दात नसला तरी जीभ, हिरड्या, गाल पुसायलाच हवेत. तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमधल्या 11 नर्सिंग होममध्ये दोन वर्षं हे पाहिलं गेलं. 1999 साली निष्कर्ष छापून आले. नेमाने तोंड साफ केलेल्यांपैकी 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांत 19 टक्क्यांना.

अंथरुणाला खिळलेल्यांचं डोकं उंच करा किंवा त्यांना कुशीवर वळवा आणि ओल्या गॉजने पुसा. चूळ भरायला लावू नका, ठसका लागतो. विसराळूपणाचा आजार असेल तर समोर बसा, ब्रश त्यांच्याच हातात द्या, वरून आपला हात धरा. दात आवळले तर अर्ध्या तासाने पुन्हा बघा. दातांमध्ये बोट घालू नका. आमच्यातल्या एकाने घालून पाहिलंय.

मशेरीबद्दल. ज्या आजींनी जन्मभर मशेरी लावली, त्यांना ती मंजनच वाटते. आहे मात्र भाजलेला तंबाखू. रागावून ती सुटत नाही, पण आठवड्यातून एकदा ओठ आणि गाल बाजूला करून आत बघा. पांढरा चट्टा दिसला किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लगेच कळवा.

भेटीच्या दिवशी औषधांची चिठ्ठी हाताशी ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधी आम्हाला ते कळायलाच हवं. तुटलेली कवळी सगळ्या तुकड्यांसकट डबीत ठेवा. फेविक्विकने जोडलेले तुकडे पुन्हा नीट जुळत नाहीत, मग नवीच करावी लागते.