पारंपरिक चिनी उपचारपद्धती

चीनमध्ये किमान दोन हजार वर्षांपासून चालत आलेल्या या उपचारांमध्ये ॲक्युपंक्चर, मोक्साचा शेक, वनौषधींचे काढे, तुंबडी, 'तुइना' हे मर्दन आणि 'छिगोंग' हा श्वासाचा व्यायाम यांचा समावेश होतो. शरीरात 'छी' नावाची चेतनाशक्ती ठरावीक वाहिन्यांतून फिरते आणि तिची वाट अडली किंवा यिन व यांग या परस्परविरोधी पण पूरक तत्त्वांचा तोल ढळला की आजार जडतो, ही त्यांमागील धारणा इ.स.पूर्व काळात आकाराला आलेल्या 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात सविस्तर मांडलेली आहे. वैद्य जीभ पाहतो आणि दोन्ही मनगटांवर प्रत्येकी तीन ठिकाणी नाडी चाचपतो. आयुर्वेदाशी परिचय असलेल्या वाचकाला यात ओळखीच्या खुणा दिसतील, मात्र 'छी' म्हणजे 'वात' असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल.

ॲक्युपंक्चरचे चिनी नाव 'झेनजिऊ', म्हणजे सुई आणि शेक, असे जोडनाव आहे. केसासारखी बारीक सुई ठरलेल्या बिंदूत टोचून हलकेच फिरवतात. तेथे जडपणा किंवा बधिरता जाणवली की सुई नेमकी लागली असे मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत असे ३६१ बिंदू आहेत. ते शिकवण्यासाठी वांग वेइयी या राजवैद्याने १०२७ च्या सुमारास माणसाएवढे कांस्यपुतळे घडवून घेतले. परंपरा सांगते की परीक्षेच्या वेळी पुतळ्यात पाणी भरून वरून मेणाचा थर देत. विद्यार्थ्याची सुई योग्य छिद्रात गेली तरच पाणी बाहेर येई. शेकासाठी लागणारा मोक्सा हा आपल्या दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची वाळलेली पाने कुटून केलेला कापसासारखा लगदा असतो. त्याचा छोटा शंकू आल्याच्या चकतीवर ठेवून पेटवतात, किंवा त्याची कांडी त्वचेपासून थोडी दूर धरून ऊब देतात.

काढ्यांचे शास्त्र याहून विस्तृत आहे. ली शिझेन यांच्या १५९६ मध्ये छापलेल्या निघंटूत, म्हणजे औषधकोशात, १,८९२ द्रव्यांची नोंद आहे. त्याहून कितीतरी जुन्या, चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात तापावर 'छिंगहाओ' ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस पिण्यास सांगितले आहे. उकळण्याचा उल्लेख तेथे नाही, हे ध्यानात घेऊन थू यूयू यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी कमी तापमानाला अर्क काढला आणि त्यातून हिवतापावरील आर्टेमिसिनिन हाती आले. त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि या यशाने सर्वच काढे सिद्ध होत नाहीत. ॲरिस्टोलोकिया कुळातील वनस्पतींमुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याचे बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात दिसून आले. जुनाट वेदनांवर ॲक्युपंक्चरचा काहीसा गुण आढळतो, पण खोट्या सुयांशी, म्हणजे केवळ टोचल्याचा भास देणाऱ्या उपचाराशी, केलेल्या तुलनेत हा फरक बराच कमी भरतो. 'छी' किंवा तिच्या वाहिन्या शरीररचनाशास्त्राला सापडलेल्या नाहीत. म्हणून धारणा आणि परिणाम यांची पारख वेगवेगळी करणे आवश्यक आहे.

१९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू हे सहकारी होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून घेतले आणि परतल्यावर कोलकात्यात रुग्णांवर त्याचे उपचार सुरू केले.