स्विच बंद, तरी बोर्डावर व्होल्टेज? कुरिअर करण्याआधी हे वाचा

‘सदोष’ म्हणून परत येणाऱ्या आमच्या कंट्रोलर बोर्डांची एक तक्रार ठरलेली असते. 12 व्होल्टचा सप्लाय काढला तरी 3.3 व्होल्टच्या रेलवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या लाइनवर) मीटर दोन-अडीच व्होल्ट दाखवतो, आणि पुन्हा सप्लाय दिला की बोर्ड रीसेट न होता अडकून बसतो. आमच्या टेबलावर तोच बोर्ड बिनतक्रार चालतो, कारण तुमच्या लॅपटॉपची वायर बोर्डासोबत आलेली नसते.

सगळा घोळ त्या वायरीत आहे. लॅपटॉप बोर्डाला जोडणाऱ्या यूएसबी-सिरियल अडॅप्टरची टीएक्स (डेटा पाठवणारी) लाइन काही पाठवत नसतानाही ‘हाय’ असते. बोर्डाचा सप्लाय गेला की तिचे 3.3 व्होल्ट प्रोसेसरच्या आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनमधून आत शिरतात आणि चिपमधल्या संरक्षक डायोडातून रेलवर पोचतात. डायोडात साधारण 0.6 व्होल्ट जातात, उरलेले तुम्हाला मीटरवर दिसतात. एवढ्यावर प्रोसेसर धड चालत नाही आणि धड बंदही होत नाही, मग पॉवर-ऑन रीसेट, म्हणजे वीज शून्यावरून आल्यावर होणारी नवी सुरुवात, कुठून मिळणार? एलईडी 12 व्होल्टच्या बाजूला असल्याने तो मात्र विझतो, त्यामुळे संशय येत नाही.

सप्लाय बंद ठेवा, मीटर रेलवर लावा आणि सिग्नलच्या वायरी एकेक करून काढा. जिच्यामुळे आकडा पडेल, ती दोषी. ग्राउंड मात्र शेवटपर्यंत काढू नका. बहुतेकजण नेमकी तीच आधी ओढतात. रिटर्नचा रस्ता तुटल्याने आकडा पडतो आणि खरी वायर सुटून जाते.

सगळ्या वायरी काढूनही आकडा हळूहळू उतरत असेल, तर ती कॅपॅसिटरमधली शिल्लक. 1000 मायक्रोफॅरड नुसत्या मीटरच्या 10 मेगओम अंतर्गत रोधातून रिकामे व्हायला तास लागू शकतात. 1 किलोओमचा रेझिस्टर लावला तर पाचेक सेकंद. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केलेला बोर्ड वॉरंटीत बसत नाही.

‘हे बोर्डावरच का अडवत नाही?’ असं विचारलं जातं. प्रत्येक सिग्नल लाइनला आम्ही 1 किलोओमचा रेझिस्टर देतोच. त्याने करंट आवरतो आणि पिन वाचते, पण व्होल्टेज थांबत नाही. त्यासाठी सप्लाय नसताना इनपुट सुटं ठेवणारा बफर (लाइन आणि प्रोसेसर यांच्यामधली वेगळी चिप) लागतो. फक्त प्रोग्रॅमिंगपुरता लॅपटॉप जोडणाऱ्यांनी त्याचे पैसे का भरावेत? त्यांनी आधी यूएसबी काढावी, मग 12 व्होल्ट; सुरू करताना उलट. ज्यांची सिरियल लाइन कायम जोडलेली असते, त्यांच्यासाठी बफरवाला बोर्ड आहे, आणि जुन्या बोर्डांना मध्ये बसवायचा छोटा प्लगही मिळतो.

तक्रार करताना सिग्नलच्या वायरी काढल्यानंतरच्या मीटरचा फोटो जोडा. तो असला तर बहुतेक वेळा फोनवरच काम भागतं.