परदेशातली कंपनी विकत घेताय? फाइल कुठे अडकते ते आधी पाहा

पुण्याच्या भारत फोर्जने 2004 मध्ये जर्मनीतली कार्ल डॅन पेडिंगहाउस ही कंपनी घेतली, त्याला वीस वर्षं होऊन गेली. आता भोसरी-चाकणचे मध्यम कारखानदारही तिकडचा एखादा छोटा कारखाना घ्यायचं बोलतात. सौदा जमतो, पण फाइल बँकेत अडकते.

फेमा म्हणजे परकीय चलन कायदा. त्याखालच्या ऑगस्ट 2022 च्या नियमांनुसार बहुतेक सौद्यांना रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागत नाही. बोर्डाचा ठराव, फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीची माहिती देणारा फॉर्म) आणि ऑडिटरचं प्रमाणपत्र तुमच्या एडी बँकेत, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करायला रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या बँकेत द्यायचं, यूआयएन हा त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक मिळाला की पैसे पाठवायचे. यूआयएनच्या आधी एक युरोही नाही.

पहिला घोळ मर्यादेचा. नेटवर्थच्या, म्हणजे कंपनीचं भांडवल आणि साठलेला नफा यांच्या, 400 टक्क्यांपर्यंत परदेशात गुंतवायची मुभा आहे. नेटवर्थ 10 कोटी तर 40 कोटी, इथवर सगळ्यांना कळतं. पण तिकडच्या कंपनीच्या कर्जासाठी तिकडच्या बँकेला दिलेली गॅरंटीही त्याच 40 कोटींत धरतात, प्रवर्तकाने स्वतःच्या नावावर दिली असली तरी. रक्कम न लिहिलेली गॅरंटी तर चालतच नाही. शिवाय ताळेबंद ऑडिट झालेला आणि व्यवहाराच्या दिवशी 18 महिन्यांच्या आतला हवा.

‘ओएनजीसी विदेशला (परदेशात तेल-वायू क्षेत्रं घेणारी सरकारी कंपनी) 400 टक्क्यांच्या वर चालतं, मग आम्हाला का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. महारत्न, नवरत्न, मिनीरत्न असा दर्जा मिळालेल्या सरकारी कंपन्यांना तेल, वायू, कोळसा, खनिजं अशा क्षेत्रांत ही 400 टक्क्यांची अट नाही. पण त्यांची गाडी दुसरीकडे अडते: महारत्न कंपनीच्या संचालक मंडळाला एका प्रकल्पात 5,000 कोटी किंवा नेटवर्थच्या 15 टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढाच अधिकार. त्यापुढे दिल्लीची, म्हणजे केंद्र सरकारची मंजुरी. त्यांच्याशी तुलना करून फॉर्म भरू नका.

ज्यांचं एखादं कर्जखातं एनपीए, म्हणजे थकीत, आहे किंवा ज्यांची ईडी, सीबीआय वगैरेंकडे चौकशी चालू आहे, त्यांना संबंधित बँकेची किंवा यंत्रणेची एनओसी (ना हरकत पत्र) लागते. ती कुणी हौसेने देत नाही. म्हणूनच नियम असा की अर्ज पोचल्यापासून 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरायचं. पण अर्ज पोचल्याची तारीख दाखवणार कशाने? शिक्का मारलेली पोच घ्याच. काउंटरवरचे साहेब ‘कशाला हवी’ म्हणतील, तिथून हलू नका.

मूल्यांकन अहवालाबाबत प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं. मित्राच्या बँकेत चाललेला नमुना तुमच्याकडे परत येऊ शकतो, तेव्हा आधीच लेखी यादी मागा.

पैसे गेल्यावर सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट किंवा तसा पुरावा द्यायचा, नाहीतर त्याच मुदतीत पैसे परत आणायचे.

सगळ्यात जास्त चुकतो तो परदेशी कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल, एपीआर. मुदत 31 डिसेंबर. पण परदेशी कंपनीचं हिशेबाचं वर्षच 31 डिसेंबरला संपत असेल, तर मुदत पुढच्या वर्षीची 31 डिसेंबर. हे माहीत नसल्याने लोक ऑडिट न झालेले आकडे घाईने भरतात, आणि उलट ज्यांच्या परदेशी कंपनीचं वर्ष मार्चला संपतं ते निवांत बसतात. एफएलए रिटर्न, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचं विवरण, वेगळं: 15 जुलैपर्यंत, थेट रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर. ते बँक भरत नाही. एपीआर किंवा एफएलएला उशीर झाल्यास दर फॉर्मला 7,500 रुपये शुल्क. रक्कम किरकोळ वाटते, पण ते भरून उशीर नियमित होईपर्यंत सौद्याचा पुढचा हप्ता पाठवता येत नाही.