टाइमलॅप्स लुकलुकतो का?

टाइमलॅप्स, म्हणजे तासांचा बदल काही सेकंदांत दाखवणारी क्लिप; त्यासाठी व्हिडिओ काढायचा आणि पळवायचा, असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. पण तो बनतो सुट्या फोटोंचा, म्हणून हिशोब आधीच मांडावा लागतो. १० सेकंदांची क्लिप, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५० फोटो. ढगांसाठी दर ५ सेकंदांनी एक धरला तर साधारण २१ मिनिटं, ताऱ्यांसाठी दर ३० सेकंदांनी धरला तर २ तासांच्या वर, आणि आकाश तासाला १५ अंश सरकतं, तेव्हा तारे फ्रेममधून कुठून कुठे जाणार ते आधीच बघून ठेवायचं. (रात्रीच्या अशा फोटोंत एखादी उजेडाची रेघ आली की लगेच उडती तबकडी म्हणून फॉरवर्ड होते! २० सेकंद शटर उघडं असताना उपग्रह गेला की रेघच उमटते, विमानाचा दिवा लुकलुकत असेल तर ठिपके.)

आता माझा आवडता भाग. एक्स्पोजर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या आणि रंगाच्या सेटिंग, सगळं मॅन्युअल (हाताने पक्कं) ठेवलं तरी दिवसाची क्लिप लुकलुकते, म्हणजे तिचा उजेड सारखा कमीजास्त होतो, तो का? डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात) एरवी लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, पूर्ण उघडं असतं, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये नीट दिसतं. क्लिक झालं की आतली पाती सेट केलेल्या आकारापर्यंत मिटतात, फोटो निघतो, परत उघडतात. हे २५० वेळा होतं आणि पाती दर वेळी केसभर इकडेतिकडे थांबतात. ५० मिमी लेन्सला एफ १६ वर (म्हणजे ५० भागिले १६) भोक असतं जेमतेम ३.१ मिमीचं. समजा ०.०५ मिमी चूक झाली, तर व्यासात फरक १.६ टक्के, पण प्रकाश येतो क्षेत्रफळाच्या हिशोबाने, म्हणजे व्यासाच्या वर्गाने, म्हणून उजेडात फरक दुप्पट, ३.२ टक्के. एकट्या फोटोत हे कळतही नाही, पण ओळीने २५ फ्रेम सेकंदात गेल्या की डोळा लगेच पकडतो. तीच चूक एफ २.८ वर झाली तर भोक जवळपास १८ मिमी, फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास!

म्हणून अ‍ॅपर्चर शक्यतो पूर्ण उघडं ठेवा, म्हणजे पाती हलणारच नाहीत, किंवा हाताने अ‍ॅपर्चर फिरवायची जुनी लेन्स लावा. भर उन्हात मग उजेड फार होतो, त्याला एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लेन्सपुढे लावायचा. त्याने शटरही जास्त वेळ उघडं ठेवता येतं आणि चालणारी माणसं, गाड्या टुणटुण उड्या मारल्यासारख्या न दिसता सलग सरकतात.