खाडीतले कांदळ कागदावर कसे आले

वनस्पती दाबून, सुकवून कागदावर चिकटवायची, ही रीत १६व्या शतकात इटलीत लुका घिनी यांच्यामुळे रूढ झाली. बागेतल्या औषधी वनस्पतींना ती सहज लागू पडली. खाऱ्या चिखलातल्या झाडांची कथा निराळी आहे.

‘कँडेलिया कँडेल’ हे एका खारफुटी झाडाचे शास्त्रीय नाव आले मल्याळममधल्या ‘कंडल’वरून. ऐकायला तो आपला कांदळच! डच मलबारचे गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांनी मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ या ग्रंथाचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापवले. (पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी वैद्यांचे नागरी लिपीतले पत्रही आहे.) ऱ्हीड यांच्या ‘चेरु कंडल’च्या चित्रावरून स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला नाव दिले. म्हणजे नावाचा आधार सुकवलेली फांदी नव्हे, एक चित्र. हे बारीकसारीक वाटेल, पण २००३ मध्ये चीन, तैवान, जपानकडची झाडे वेगळी जात ठरली, तेव्हा जुने नाव कोणाकडे राहणार हे या चित्रानेच ठरवले. ते मलबारचे, म्हणून ‘कँडेल’ हे नाव भारतातल्या झाडांकडे राहिले.

मुंबई इलाख्याची वनस्पतीसूची पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ दरम्यान प्रसिद्ध केली. खारफुटीकडे मात्र खास लक्ष दिले स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी. १९०३ मध्ये ते मुंबईत आले आणि १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इलाख्यातल्या खारफुटीवर त्यांचा लेख आला. सेंट झेवियर्स कॉलेजातला सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

तिवराच्या पानांचे ठीक, ती दाबली की सपाट होतात. मोरससारख्या रसाळ वनस्पती मात्र छळतात. त्यांच्यात पाणी इतके की सुकायला दिवसच्या दिवस लागतात, कागद पुन्हा पुन्हा बदलावे लागतात, आणि सुकल्यावर पाने गळून पडतात. शिवाय अंगातले मीठ पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणातल्या दमट हवेत अशा नमुन्याला बुरशी लागायला फारसे काही लागत नाही.