प्राचीन ईजिप्तचे संगीत : प्रतिकृती-वाद्यांवरील पुनर्रचना

फेअरोकालीन वाद्यांच्या प्रतिकृती घडवून त्यांवर त्या काळचे संगीत वाजवून पाहण्याचा प्रयत्न. थडग्यांतून वाद्ये बरीच मिळाली. निर्विवाद स्वरलिपी मात्र मिळालेली नाही. त्यामुळे अशा वादनात नादाला काही पुरावा असतो, चाल बहुधा वादकाची असते.

ही उणीव हस्तसंकेतांनी भरून निघते, असे मत जर्मन संगीतशास्त्रज्ञ हान्स हिकमन (१९०८–६८) यांनी मांडले. जुन्या राज्याच्या (इ. स. पू. सु. २७००–२२००) गीझा व सक्कारा येथील थडग्यांत वादकासमोर बसलेला गायक दिसतो. त्याचा एक हात कानाशी, दुसरा पुढे; कधी अंगठा व तर्जनी जुळवलेली, कधी तळवा उघडा. या मुद्रा आधारस्वर व पंचम दर्शवितात, असा अर्थ हिकमन यांनी लावला. वेगवेगळ्या मुद्रा एकत्र दिसतात तेथे दोन स्वर एकाच वेळी वाजत असावेत, असाही तर्क केला. गायक वादकाला काही खूण करीत असावा, हे पटते. प्रत्येक मुद्रेमागे नेमका स्वर शोधणे धाडसाचे वाटते. चित्रकाराने हात ठरीव साच्यात काढले असणे शक्य आहे, आणि कानावरचा हात पोवाडा गाणाऱ्या शाहिराचाही असतो.

धनुष्याकृती वीणा (समुद्रगुप्ताच्या नाण्यावरील वीणा याच जातीची) हुबेहूब घडवता येते. पण तातीचा ताण वाद्यावरून कळत नाही. जोडपाव्यांची छिद्रे मोजता येतात, तरी फुंकेने कंप पावणारी तोंडाकडील पत्ती (रीड) बदलली की स्वर हलतो. म्हणून कारागीर ईजिप्तच्या खेड्यांतील झुम्मारा या जोडपाव्याची पत्ती नमुना म्हणून घेतात, ते सयुक्तिक आहे.

तुतानखामेनच्या थडग्यातील (शोध १९२२) दोन कर्णे, एक चांदीचा (सु. ५८ सेंमी.) व दुसरा तांब्याच्या मिश्रधातूचा (सु. ५० सेंमी.), १९३९ मध्ये कैरोच्या संग्रहालयातून बीबीसीवर वाजवले गेले. त्या वेळी आधुनिक माउथपीस जोडल्याने ऐकू आलेली स्वरपंक्ती पुरावा म्हणून धरता येत नाही. मूळ कर्ण्याच्या तोंडाशी केवळ कडे आहे. माउथपीसशिवाय फुंकल्यास एक-दोनच स्वर उपयोगी पडतात, हे वाद्यांचे अभ्यासक जेरेमी माँटॅग्यू यांचे मत ग्राह्य वाटते. सैन्याला इशारा द्यायला तेवढे पुरतात.

सिस्ट्रम (खुळखुळ्यासारखे वाद्य) व हस्तिदंती टाळ्या (एकमेकींवर आपटून वाजवायच्या पट्ट्या) यांच्या प्रतिकृती सहज होतात. त्यांवर धरला जाणारा ठेका मात्र आजचाच.