छत्री गच्चीवर नेली की चित्र स्वच्छ?

डिशची छत्री जेवढी उंच, तेवढं चित्र स्वच्छ, असं अजून ऐकू येतं. ही समजूत दूरदर्शनच्या अँटेनाच्या काळातली. तेव्हा सिग्नल जमिनीवरच्या मनोऱ्यावरून यायचा, म्हणून उंचीचा फायदा व्हायचा. उपग्रह मात्र विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंच. चार मजले चढून काय फरक पडणार? डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ मुंबईहून आग्नेयेला आहे. त्या दिशेला झाड-इमारत आड येत नसेल, तर खिडकीबाहेरची छत्रीही पुरते.

मुसळधार पावसात चित्र गोठतं, कारण डिशचा सिग्नल ज्या केयू बँडच्या, म्हणजे उच्च वारंवारतेच्या लहरींवर येतो, त्या थेंबांत शोषल्या जातात. गच्चीवरही गोठणारच. रेकॉर्डिंग लावलं असलं तरी सुटका नाही: रेकॉर्डर येणारा सिग्नलच साठवतो. मालिकेचा तेवढा तुकडा गेला तो गेलाच.